आधी डोळे तपासा, मग सातबारा काढा



हरभऱ्याची काढणी उरकत आली. गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडू लागल्या. या दिवसांत मला येणारी पत्रे बहुधा कांद्याच्या करप्याची, उन्हाळी भुईमुगाची, नाही तर ठिबकच्या अनुदानाची असतात. पण या आठवड्यात एका भगिनीचे निराळेच पत्र आले. त्यातला मजकूर थोडक्यात असा:

“साहेब, आमची थोरली बारावी शास्त्र शाखेला आहे. हुशार आहे. विमान चालवायचे म्हणते. गावात एक माणूस आला होता. तो म्हणाला, साठ लाख भरा, वर्षभरात पोरगी वैमानिक होते आणि लाखांनी पगार आणते. घरचे म्हणतात, रस्त्याकडेची तीन एकर काढून टाकू. धाकटा मुलगा शेतीच करणार आहे. मला रात्र रात्र झोप नाही. काय करावे?”

मी मातीतला माणूस. विमान मी दुरूनच पाहिलेले. पण जिथे तीन एकर बागाईत विकायची गोष्ट निघते, तिथे कृषी अधिकाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे असे मी मानतो. शिवाय या वाटेवर माझ्या स्वतःच्या घराला एकदा ठेच लागली आहे. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. आधी मुलीच्या इच्छेविषयी.

पोरीची जात आणि विमान?

असे म्हणणारे गावात चार जण भेटतीलच. त्यांना सांगा, सरला ठकराल या बाईंनी १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी विमान चालवण्याचा परवाना मिळवला. आपल्या मराठी मुलखातल्या सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली कोलकाता ते सिल्चर विमान नेले, तेव्हा त्या विमानातले सगळे कर्मचारी स्त्रियाच होत्या. आज भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत. जगाची सरासरी याच्या निम्मीसुद्धा नाही. तेव्हा मुलगी आहे म्हणून नको, हे कारण आता बाद झाले. विचार करायचा तो तब्येतीचा, अभ्यासाचा आणि पैशाचा. तोही याच क्रमाने.

परवान्याला काय काय लागते?

प्रवासी विमान चालवून पगार घ्यायचा तर ‘व्यावसायिक वैमानिक परवाना’ लागतो. तो केंद्र सरकारचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. दुसऱ्या कोणाचा कागद चालत नाही. वय किमान १८ पूर्ण असावे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय असावे लागतात. कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलांना हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देऊन भर घालता येते. ही अट सैल करण्याचा विचार चालू असल्याच्या बातम्या २०२५ साली आल्या होत्या. म्हणून प्रवेश घेताना त्या दिवशीचा नियम महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहावा. ऐकीव माहितीवर राहू नये.

याशिवाय वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना, इंग्रजी बोलण्याची चाचणी आणि प्रत्यक्ष उड्डाणाचे २०० तास. एवढे सगळे जमले म्हणजे परवाना हातात येतो. यात कुठेही ‘पैसे भरा आणि वैमानिक व्हा’ असे कलम नाही.

पहिली पायरी डोळ्यांची

आता आमच्या घरची गोष्ट. पंधरा-सोळा वर्षे झाली असतील. माझ्या बहिणीच्या मुलाला हेच वेड लागले. पोरगा गणितात पहिला. मेहुण्यांनी दोन एकर विकली आणि एका मध्यस्थाला चार लाखांचा बयाणा दिला. तो परदेशात शिक्षणाची सोय करून देणार होता. व्यवहाराच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे. भाच्याचा अर्ज झाला, कपडे शिवून झाले आणि मग वैद्यकीय तपासणी निघाली.

डॉक्टरांनी त्याच्यासमोर ठिपक्यांची चित्रे धरली. रंगीत ठिपक्यांत आकडे दडलेले असतात. तुम्हा-आम्हाला ते चटकन दिसतात. भाच्याला दिसले नाहीत. तांबडा आणि हिरवा हा फरकच त्याला नीट कळत नव्हता. दुसऱ्यांदा तपासणी झाली, तिथेही तेच. विमानाला धावपट्टीवरचे आणि यंत्रावरचे तांबडे-हिरवे दिवे ओळखायचे असतात. विषय तिथेच संपला. मध्यस्थाने बयाणा परत केला नाही. आम्ही दोन वर्षे हेलपाटे घातले आणि शेवटी नाद सोडला.

बहीण एकदा म्हणाली, “दादा, टोमॅटोच्या तोडणीला हा नेहमी हिरवीच फळे तोडायचा. आम्ही हसायचो. आळशी म्हणायचो.”

हे ऐकले आणि मला खाली बघावे लागले. बंधूंनो, मी आयुष्यभर तुम्हाला सांगत आलो की आधी माती तपासा, मग खताचे पोते आणा. आणि माझ्याच भाच्याच्या बाबतीत तपासणीच्या आधी पोते आणले. पोरगा आता तालुक्याला ठिबकचे आणि मोटारींचे दुकान चालवतो. उत्तम चालवतो. पण ती दोन एकर दुसऱ्याच्या नावावर आहे, आणि त्या रस्त्याने जाताना मेहुणे अजून मान वळवत नाहीत.

म्हणून सांगतो, कोणाला एक रुपयाही देण्याआधी मुलीची तपासणी करून घ्या. महासंचालनालयाने नेमलेले डॉक्टर असतात, त्यांची यादी जाहीर असते. आधी द्वितीय श्रेणीची तपासणी होते. डोळे, कान, हृदयाचा आलेख, छातीचा एक्स-रे, रक्त आणि लघवी. याला काही हजार रुपये लागतात. व्यावसायिक परवान्यासाठी पुढे प्रथम श्रेणीची तपासणी लागते, ती जास्त कडक असते. उड्डाणाचे पैसे भरण्यापूर्वी ही दुसरीसुद्धा करून घ्यावी. चष्मा आहे म्हणून घाबरू नका. चष्मा लावून नजर पूर्ण होत असेल तर हरकत नसते. आणि हेही ध्यानात ठेवा की ही तपासणी एकदाच होऊन संपत नाही. नोकरी असेतोवर ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. तब्येत हेच या धंद्यातले भांडवल. उड्डाणाआधी दारूची श्वासचाचणीही होते.

दुसरी पायरी अभ्यासाची

लेखी परीक्षेचे विषय असे: हवाई मार्गदर्शन म्हणजे वाट काढण्याचे शास्त्र, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती. प्रत्येक विषयात १०० पैकी ७० गुण मिळाले तरच उत्तीर्ण. पस्तीसवर सुटण्याची सवय इथे कामाची नाही. पुस्तके इंग्रजीत असतात आणि रेडिओवर बोलणेही इंग्रजीत. गावातल्या मुलांना हाच डोंगर वाटतो. पण रेडिओची भाषा ठराविक आणि नेमकी असते. सरावाने ती येते.

एका विषयात मात्र आपली मुले मागे नाहीत, आणि तो म्हणजे हवामान. खळ्यावर उपणताना वारा कुठून येतो हे आपल्या पोरांना न विचारता कळते. विमान उडते आणि उतरते तेही शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन, कारण समोरचा वारा पंखाला उचलून धरतो आणि धावपट्टी कमी लागते. वळवाचा ढग दुपारनंतर कसा चढतो, त्याच्यापुढे वावटळ कशी धावते, पहाटे नदीकाठी धुके का धरते, हे सगळे त्या पुस्तकात आहे. आपण ते शिवारात पाहिले आहे, त्यांनी त्याला नावे दिली आहेत एवढेच.

बारावी झाल्यावर महासंचालनालयाकडून परीक्षेसाठी क्रमांक घेता येतो. त्यासाठी गुणपत्रिकेची बोर्डाकडून खातरजमा लागते. दहावीच्या दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करा. मग लेखी परीक्षा आधी देऊन टाकाव्यात. हा माझा आग्रह आहे. शिकवणीला जो खर्च येईल तो उड्डाणाच्या मानाने थोडा असतो. मुलीने सगळे विषय काढले तर तिची जिद्द खरी ठरली. नाही जमले तर जमीन जागेवर आहे.

तिसरी पायरी तासांची

उड्डाणाचे किमान २०० तास भरावे लागतात. त्यांपैकी १०० तास स्वतः विमानप्रमुख म्हणून. त्यात ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरांचा लांबचा प्रवास असतो. निदान १० तास केवळ यंत्रांवर नजर ठेवून उडायचे, आणि ५ तास रात्रीचे. सुरुवातीला शिक्षक शेजारी बसतो. विमान दोन किंवा चार आसनांचे असते. मग एक दिवस शिक्षक उतरून जातो आणि शेजारची जागा रिकामी ठेवून मूल एकटे आकाशात जाते. प्रत्येक तास वहीत लिहायचा, त्यावर सही घ्यायची. ही वही म्हणजे वैमानिकाचे पासबुक. तिच्यात खोटे लिहिले तर सगळे गेले. २०११ साली खोट्या गुणपत्रिका जोडून परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा वैमानिकांना अटका झाल्या होत्या. कोणी ‘तास भरून देतो’, ‘पेपर काढून देतो’ म्हणाला, तर त्याला चहा पाजण्याचीही गरज नाही.

हे तास वर्षभरात होतात असे ‘तो माणूस’ म्हणाला. कागदावर होतात. पण पावसाळ्यात ढग खाली उतरले की लहान विमाने उडत नाहीत. हिवाळ्यात धुके. कधी विमान दुरुस्तीला, कधी शिक्षक सोडून गेलेला. दीड-दोन वर्षे सहज लागतात, कोणाला तीनही लागली आहेत. आणि तोवर खोलीभाडे आणि खानावळ चालूच असते.

कुठे शिकावे?

उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात फुरसतगंज येथे केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तिथे प्रवेश परीक्षा, मुलाखत आणि कल चाचणी होते. आपल्या राज्यात गोंदियाजवळ बिरसी, धुळे, शिरपूर, बारामती या ठिकाणी उड्डाण शिकवले जाते. धुळ्याला जो बॉम्बे फ्लाइंग क्लब विमाने उडवतो तो १९२८ सालचा. जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला परवाना मिळवला तो याच क्लबातून.

२०२५ पासून महासंचालनालय प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देऊ लागले आहे. ती पाहा. पण बी-बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र पाहून आपण पेरणी करत नाही, तसेच इथेही करा. स्वतः संस्थेत जा आणि चार प्रश्न विचारा. उडण्याजोगी विमाने आज किती? शिक्षक किती? विद्यार्थी किती? मागच्या वर्षी आलेल्यांचे २०० तास किती महिन्यांत झाले? मग कार्यालयातून बाहेर या आणि झाडाखाली बसलेल्या मुलांना हेच प्रश्न विचारा. दोन्ही उत्तरे जुळली तर पुढे बोला. पैसे हप्त्याने भरा, प्रत्येक हप्त्याची पावती घ्या, आणि सोडून जायचे झाले तर किती परत मिळेल हे लेखी घ्या.

परदेशातही शिकता येते, पण तिथला परवाना इथे चालवायचा तर इथल्या परीक्षा देऊन तो बदलून घ्यावा लागतो. हे मध्यस्थ बहुधा शेवटी सांगतो.

हिशेब मांडू या

भारतात परवान्यापर्यंतचा खर्च आजघडीला ४५ ते ६० लाखांच्या घरात जातो. एवढ्याने भागत नाही. मोठे प्रवासी विमान चालवायचे तर त्या विशिष्ट विमानाचे वेगळे शिक्षण लागते, त्याला आणखी १२ ते २५ लाख. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या योजना आहेत, त्यांचा आकडा कोटीच्या पुढे जातो.

समजा ५० लाखांचे कर्ज काढले, व्याज दसादशे ११ टक्के, मुदत १० वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ६९ हजार रुपये होतो. दहा वर्षांत फेड होते जवळजवळ ८३ लाखांची. एवढ्या मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते आणि शेतजमीन तारण घ्यायला बहुतेक बँका राजी नसतात. घर किंवा बिगरशेती जागा मागतात.

नोकरी लागली तर पगार चांगला असतो, यात खोटे नाही. एअर इंडियाने २०२३ च्या फेब्रुवारीत ४७० विमानांची मागणी नोंदवली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. म्हणजे वैमानिक लागणार आहेत. पण परवाने घेणारेही वाढले. एकट्या २०२३ साली देशात १,६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले. आणि हा धंदाही आपल्या कांद्यासारखा आहे. २०१२ साली किंगफिशर बसली, २०१९ साली जेट एअरवेज, २०२३ साली गो फर्स्ट. २०२० च्या साथीत विमाने जमिनीवर उभी राहिली. त्या वेळी हातात परवाना असलेली मुले घरी बसली, आणि हप्ते थांबले नाहीत. परवाना आणि पहिला पगार यांच्यामध्ये वर्ष-दोन वर्षे जाऊ शकतात. तेवढ्या काळाची तजवीज हिशेबात धरली नसेल तर तो हिशेब अपुरा.

जमीन न विकता

वाटा आणखीही आहेत. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी २०२२ पासून मुलींनाही खुली झाली आहे. वायुदलाच्या उड्डाण शाखेत निवड झाली तर शिक्षणाचा खर्च सरकार करते, वर पगार देते. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागते, आणि वयाची अट कडक असते. वैमानिक कलाची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून तयारी करूनच जावे. छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. २०२३ पासून नाशिकला मुलींसाठीही तशी संस्था सुरू झाली. तिथे दहावीनंतर प्रवेश असतो. धाकट्या बहिणी असतील त्यांनी हे टिपून ठेवावे.

इतर मागास व भटक्या वर्गातल्या मुलांसाठी महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबबरोबर वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली होती. यंदा जाहिरात आहे का, ते समाजकल्याण किंवा इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात विचारा. तुमच्या प्रवर्गासाठी दुसरी काही योजना असेल तर तीही तिथेच कळेल.

आणि जिला आकाश हवे पण गाव सोडायचे नाही, तिच्यासाठी ड्रोन आहे. दहावी पास आणि १८ वर्षे पूर्ण असलेल्या कोणालाही मान्यताप्राप्त संस्थेत काही दिवसांचे शिक्षण घेऊन ड्रोन चालवण्याचे प्रमाणपत्र मिळते. २०२३ साली केंद्राने बचतगटांतल्या स्त्रियांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना आणली, तीत ड्रोनच्या किमतीवर ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत ठरली. ही वैमानिकीची बरोबरी नव्हे, हे मलाही कळते. पण पोट भरणारे काम आहे.

ताई, आता तुमच्या पत्राचे उत्तर

मुलीला नाही म्हणू नका. आणि तीन एकरही काढू नका, निदान या वर्षी नाही. परीक्षा झाली की तिला घेऊन शहरात जा आणि तपासणी करा. ती पार पडली तर एक वर्ष लेखी परीक्षेला द्या. विषय निघाले, प्रथम श्रेणीची तपासणी झाली, तर मग सगळे घर एका बैठकीला बसा. त्या बैठकीत धाकट्याला मधे बसवा. जमीन वडिलांच्या नावावर असेल, पण उद्या तिच्यावर पोट त्याचे आहे. त्याच्यासमोर कागद ठेवा: किती कर्ज, किती घरचे, किती वर्षे, आणि नोकरी लांबली तर हप्ता कोण भरणार. तो मनापासून हो म्हणाला तर पुढचे पाऊल टाका. तो गप्प बसला तर ते हो समजू नका.

गावात आलेल्या त्या माणसाला एवढेच सांगा की आधी डोळ्यांचा कागद येऊ दे, पैशाचे मग बोलू. खरा असेल तर तो थांबेल.

तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद कळवा. तपासणीत काय झाले ते मला जरूर लिहा, मी वाट पाहतो. आणि ज्या वाचकांच्या घरी टोमॅटोच्या तोडणीला कोणी पोर हिरवी फळे तोडत असेल, त्यांनी त्याला रागवण्याआधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कृषी अधिकारी